लाल चांदणी

झोन ऑफिसात मी कंत्राटी ऑपरेटर.
खिडकी नंबर चार, पंखा एकाच गतीचा,
आणि पडद्यावर फॉर्म.
मोबाईल नंबराच्या रकान्यापुढं एक लाल चांदणी.
चांदणी म्हणजे :
हे भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं.
किती वाजता, ते पाण्यालाच माहीत.
म्हणून महापालिकेनं ॲप आणलं.
ॲप म्हणालं, पहाटे तीन.
विडी घरकुलातल्या बाया तीनला उठल्या,
घागरी मांडल्या, मांडीवर सूप घेतलं,
बसल्या बसल्या शे-सव्वाशे विड्या वळून झाल्या.
पाणी आलं सव्वासहाला.

दुसऱ्या दिवशी नरसव्वा गुंडेटी खिडकीशी उभी.
“तुझ्या यंत्राला सांग बाबा,
माझी एक विडी सैल निघाली
तर कारखान्यात बाजूला टाकतेत.
ह्याला कुठं टाकायचं?”
मी हसलो.
मग नाही हसलो.
माझी आईही तीनलाच उठली होती.

शिवलिंगप्पाला कुणी विचारलंच नव्हतं.
एकोणतीस वर्षं तो सायकलला लोखंडी चावी आडवी बांधून
व्हॉल्व्ह उघडत फिरतो.
पाइपवर अनवाणी पाय ठेवतो
आणि सांगतो, पाणी कुठल्या बोळापर्यंत पोचलंय.
ॲपच्या बैठकीला सगळे होते.
तो बाहेर, झाडाखाली, सायकलपाशी.

तडवळकर मॅडमना मी भीत भीत बोललो.
त्यांनी स्वतः खुर्ची ओढून त्याला बसवलं.
त्यानं पिशवीतून वही काढली :
कन्नड आकडे, तेलाचे डाग,
कुठला चढ किती वेळ पाणी खातो त्याचा हिशेब.
मॅडम बराच वेळ नुसती पानं उलटत होत्या.

आता चावी फिरवायच्या आधी
तो एका नंबरावर मिस्ड कॉल देतो.
बस्स. तेवढ्यावर
त्याच्या वहीतल्या क्रमानं
बोळाबोळांतले फोन वाजतात.

मेसेज कोण वाचणार, म्हणून आवाज भरले.
कन्नड शिवलिंगप्पाचा,
दखनी शमीमबी नदाफचा,
मराठी माझा, जरा सरकारीच झाला.
तेलुगू नरसव्वाचा, माझ्याच खिडकीत, पंखा बंद करून.
“नीळ्ळोच्चिनै, लेवंडि,” म्हणाली,
आणि कागदावर नसलेलं
पुढचं वाक्य आपल्या मनानं जोडलं :
मोटर लावू नका,
शेवटच्या घरालाही जाऊ द्या.
ते वाक्य आम्ही पुसलं नाही.
मग बाकीच्या तिघांनी आपापल्या भाषेत पुन्हा भरलं.

मल्लेशमचे कान यंत्रमागांनी कधीच खाल्लेत.
तो फोन उशीखाली ठेवतो.
थरथरला की उठतो.
म्हणतो, माग पुन्हा चालू झाल्यासारखं वाटतं,
घाबरून जाग येते, पण पाणी मिळतं.

राहिली अकरा घरं.
फोनच नाही.
एकाचा गहाण, एकाचा पोरगा पुण्याला घेऊन गेला,
एका म्हातारीला नकोच आहे.
पडद्यावर चांदणी तशीच, लाल.
रिकामा रकाना ती सोडत नाही.
मी पंखा बघितला, मग इकडं तिकडं बघितलं,
आणि अकराही घरांपुढं
माझा नंबर टाकला.

त्यामुळं दर पाचव्या रात्री
माझा फोन अकरा वेळा वाजतो.
सर्व्हरच्या लेखी मी
अकरा कुटुंबं, चौपन्न माणसं, दोन गरोदर बाया.
चप्पल सापडत नाही, तसाच निघतो.
कडी वाजवतो, पुढच्या दाराशी जातो.
म्हातारी आतून विचारते, “कोण?”
काय सांगू?
“महापालिका,” म्हणतो.
ती म्हणते, “बरं, ये बाबा, घागर उचलू लाग.”

चांदणी काढावी म्हणून मी अर्ज केलाय,
ऑनलाइनच.
अर्जाला नंबर मिळाला.
स्थिती : प्रलंबित.
परवा कडी वाजवायला गेलो
तर सातवं दार आधीच उघडं होतं.
आठव्या दाराची कडी
सातवीतली पोर वाजवत होती.